आंबट ते विकोप : एका शब्दगटाच्या प्रकल्प नोंदी

४ जून

आजपासून नवा गट हातात. इंग्रजी-मराठी शब्दकुलांच्या पुस्तिकेतला हा गट आंबट-कडू चवीच्या शब्दांचा, आणि त्याच शब्दांतून निघालेल्या 'आहे ते आणखी बिघडवणे' या अर्थाच्या क्रियापदांचा. पहिली कच्ची यादी अशी: सावर, टार्ट, बिटर, ॲसिड, ॲक्रिड, ॲसर्बिक, ॲक्रिमनी, रँकर, कॉस्टिक, व्हिट्रिऑलिक. दुसऱ्या बाजूला एक्झॅसर्बेट, एक्झॅस्परेट, ॲग्रॅव्हेट, एम्बिटर.

हा गट मी मागून घेतला. कारण इथे प्रतिशब्द देण्याची आपली सवय फार नडते. हाताशी असलेल्या कोशांत यातल्या निम्म्याअधिक शब्दांपुढे 'कडवट, कटु, तीव्र' एवढंच सापडतं. मग विद्यार्थी धुराला ॲसर्बिक म्हणतो आणि समीक्षकाला ॲक्रिड. व्याकरण बिनचूक असतं, कोशही त्याच्या बाजूने असतो, तरी वाक्य खटकतं. का खटकलं हे त्याला कुणी सांगत नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं.

ठरवलेली पद्धत: प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारायचे. हा कशाला लागतो, म्हणजे वासाला, बोलण्याला, दोघांतल्या संबंधाला, की दुखण्याला? आणि तिथे मराठी माणूस एरवी काय म्हणतो? कोशात काय लिहिलंय हा प्रश्न त्यानंतरचा.

६ जून

मुळांचा दिवस. यादीतल्या बऱ्याच शब्दांचं मूळ एकच निघतं: आद्य इंडो-युरोपीय भाषेतला, म्हणजे संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी यांच्या मागे मानलेल्या मूळ भाषेतला, 'अक्' हा धातू, अर्थ टोकदार असणे, धार असणे. लॅटिनमध्ये त्याची मोठी वंशावळ आहे. आकुस म्हणजे सुई. आकुएरे म्हणजे धार लावणे. त्यातून ॲक्यूट आणि ॲक्यूमेन. आकेर म्हणजे तीक्ष्ण, झोंबणारा. त्यातून ॲक्रिड आणि ॲक्रिमनी. आकिदुस म्हणजे आंबट, त्यातून ॲसिड. आकेर्बुस म्हणजे कच्च्या फळासारखा आंबट-तुरट, कठोर. त्यातून ॲसर्बिक आणि एक्झॅसर्बेट. ग्रीकमध्ये आक्रोस म्हणजे टोक, शिखर. ॲक्रोपोलिस आणि ॲक्रोबॅट तिथले.

म्हणजे आधी सुईचं टोक, मग जिभेला टोचणारी चव, मग कानाला टोचणारं बोलणं. हा क्रम गटाच्या पहिल्याच पानावर द्यायचा, कारण तो कळला की पुढचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

याच धातूची इंग्रजीतली घरची लेकरंही आहेत. एज म्हणजे कड, धार. आणि 'एग ऑन' म्हणजे चिथावणे. या एगचा अंड्याशी काही संबंध नाही. हे क्रियापद जुन्या नॉर्समधून आलं, मूळ अर्थ धार लावणे. भांडणाला धार लावणारा तो एग ऑन करणारा. बिघडवण्याच्या गटात हा शब्द हक्काने बसतो, म्हणून यादीत वाढवला.

संस्कृतातही हा धातू आहे: अश्रि, म्हणजे कोपरा, तलवारीची धार. चतुरस्र या शब्दातलं 'अस्र' तेच. चतुरस्र व्यक्तिमत्त्व असं आपण रोज लिहितो. त्यातला कोपरा आणि ॲसिडमधला आंबटपणा दूरचे नातलग आहेत. हे चौकटीत द्यायचं. मूळ मजकुरात घातलं तर वाचकाचं लक्ष फाटतं.

७ जून

छोटी नोंद, उच्चारांची. ॲक्रिडमध्ये 'क' आणि ॲसिडमध्ये 'स' का? लॅटिनमध्ये दोन्हीकडे 'क'च होता. पुढे फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत 'इ' आणि 'ए' यांच्या आधीचा सी 'स' झाला, 'र'च्या आधीचा 'क' राहिला. एवढं सांगितलं की एक्झॅसर्बेटचं स्पेलिंगही सुटतं: एक्सनंतर ए, मग सी. विद्यार्थी तिथे हमखास एस लिहितात.

११ जून

आज फक्त आकेर्बुस. लॅटिनमध्ये हा शब्द आधी न पिकलेल्या फळासाठी. तोंड आकसतं ती चव. तिथून दोन वाटा फुटल्या. एक, कठोर आणि कडू स्वभावाकडे. दुसरी मला फार हलवून गेली: अकाली मृत्यूलाही रोमन लोक आकेर्बुस म्हणत. वेळेआधी खुडलेलं फळ आणि वेळेआधी गेलेला माणूस, दोन्हींना एकच विशेषण. मराठीत आपण 'अकाली' म्हणतो, त्यात काळ आहे. लॅटिनमध्ये कच्चेपण आहे आणि चवही.

या शब्दाला आधी 'एक्स' लागून क्रियापद झालं: एक्झॅसर्बेट. हा 'एक्स' बाहेर या अर्थाचा नाही, पुरतेपणाचा आहे. पुरतं कडू करून सोडणं. इंग्रजीत हे क्रियापद १७व्या शतकाच्या मध्यात आलं. ॲसर्बिक हे विशेषण मात्र त्यापेक्षा बरंच उशिराचं, १९व्या शतकातलं. नातवाच्या आधी पणतू दिसावा तसा हा प्रकार वाटतो, पण इंग्रजीने लॅटिनकडून शब्द वेगवेगळ्या वेळी उचलले, त्यामुळे असं होतं.

आता अर्थाचा गाभा. एक्झॅसर्बेट हे क्रियापद चांगल्या गोष्टीला लागत नाही. ताण, टंचाई, वेदना, गैरसमज, विषमता असं जे आधीच बिघडलेलं आहे त्यालाच लागतं. आनंद एक्झॅसर्बेट होत नाही. इथे 'वाढवणे' हा कोशातला प्रतिशब्द अपुरा पडतो, कारण वाढवता काहीही येतं. मराठीत ही अट पाळणारं क्रियापद आहे: चिघळणे. चिघळायला आधी जखम लागते. जखम चिघळते, वाद चिघळतो, प्रश्न चिघळतो, संप चिघळतो. कातडी धड असेल तिथे चिघळायचं काय? मूळ अर्थ चवीचा नसून जखमेचा आहे, तरी वापराची मर्यादा तंतोतंत तीच. गटाचा पहिला पक्का निर्णय: एक्झॅसर्बेटपुढे चिघळवणे.

१२ जून

कालच्या निर्णयावर दिवसभर वाक्यं घासून पाहिली. एक अडचण लगेच समोर आली, आणि ती या गटातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

इंग्रजी वाक्य घेतलं: 'द डिले एक्झॅसर्बेटेड द प्रॉब्लेम.' शब्दाला शब्द ठेवला तर 'उशिराने प्रश्न चिघळवला' होतं. व्याकरणात बसतं, पण असं कुणी बोलत नाही. आपण म्हणतो, 'उशीर झाला आणि प्रश्न चिघळला', किंवा 'उशिरामुळे प्रश्न आणखीच चिघळला'. इंग्रजीला निर्जीव कर्ता चालतो. उष्णता, धोरण, मौन, पाऊस, कुणीही काहीही एक्झॅसर्बेट करतं. मराठीत निर्जीव गोष्ट बहुधा 'मुळे'च्या आडोशाला जाते आणि क्रियापद अकर्मक होतं. 'चिघळवला' हे प्रयोजक रूप आपण माणसासाठी राखून ठेवतो: 'त्यांनी मुद्दाम वाद चिघळवला.' त्यात हेतू येतो. म्हणजे इंग्रजी वाक्यात नसलेला आरोप मराठी वाक्यात शिरू शकतो. बातमीचं भाषांतर करणाऱ्याने हे लक्षात ठेवलंच पाहिजे, कारण 'द स्टेटमेंट एक्झॅसर्बेटेड टेन्शन्स' याचं 'वक्तव्याने तणाव चिघळवला' केलं की बोलणाऱ्याने ते जाणूनबुजून केलं असा वास येतो.

नोंदीचा मसुदा असा झाला:

एक्झॅसर्बेट. सकर्मक क्रियापद. आधीच वाईट असलेली स्थिती, वेदना, वाद, टंचाई आणखी वाईट करणे. कर्ता माणूस आणि हेतू उघड असेल तर चिघळवणे. कर्ता निर्जीव असेल तर '...मुळे चिघळणे', '...मुळे आणखी भर पडणे'. आजाराबाबत बळावणे, उचल खाणे. माणूस हे याचं कर्म होत नाही. माणसाला वैताग आणला तर एक्झॅस्परेट पाहा.

संपादक बाईंनी 'विकोपाला जाणे' घालायला सुचवलं. घातलं, पण वेगळ्या ओळीत. विकोप हा शेवटचा टप्पा आहे, चिघळणं ही वाटचाल. भांडण चिघळत चिघळत विकोपाला जातं. उलट होत नाही.

१५ जून

प्रकल्पातल्या डॉक्टरांनी एक्झॅसर्बेटची वैद्यकीय नोंद तपासून परत पाठवली. त्यांची मागणी रास्त आहे: एक्झॅसर्बेशन हे नाम रुग्णालयात रोज वापरलं जातं आणि तिथे त्याला नेमका अर्थ आहे. दमा किंवा सीओपीडी यांसारखा दीर्घकाळ चालणारा श्वसनाचा आजार एरवी आटोक्यात असतो आणि मध्येच धाप, खोकला, कफ एकदम वाढतो. तेवढ्या काळाला एक्झॅसर्बेशन म्हणायचं. 'आजार वाढला' म्हटलं तर रुग्णाला वाटतं की तो कायमचा वाढला. 'दम्याने उचल खाल्ली' म्हटलं की अर्थ बरोबर पोहोचतो, कारण उचल खाल्लेली गोष्ट पुन्हा खाली बसू शकते.

बरोबर 'ॲक्यूट' हेही आलं. ॲक्यूट एक्झॅसर्बेशन या जोडीतले दोन्ही शब्द एकाच 'अक्' धातूचे, हे डॉक्टरांनाही आवडलं. पण खरी गरज दुसऱ्या खुलाशाची आहे. ॲक्यूटचा अर्थ लोक 'गंभीर' असा घेतात. वैद्यकात तो 'अचानक उद्भवलेला, थोड्या काळाचा' असा आहे, आणि त्याच्या विरुद्ध क्रॉनिक, म्हणजे चिवट, दीर्घकाळ चालणारा. साधी सर्दीही ॲक्यूट असते. हे ठळक अक्षरांत घ्यायचं.

१८ जून

तीन सारख्या तोंडवळ्याचे शब्द एकत्र बसवले: एक्झॅसर्बेट, एक्झॅस्परेट, एग्झॅजरेट. तिघांच्या आधी तोच पुरतेपणाचा 'एक्स'. पुढे वेगवेगळं: आकेर्बुस म्हणजे कडू-आंबट, आस्पेर म्हणजे खरखरीत, आगेर म्हणजे मातीचा ढीग. पहिला कडू करतो, दुसरा घासून घासून खरवडतो, तिसरा ढीग रचत जातो. एक्झॅस्परेटचं कर्म माणूस: जेरीस आणणे, वैताग आणणे, अगदी नको जीव करणे. एग्झॅजरेटचं कर्म हकीकत: फुगवून सांगणे, राईचा पर्वत करणे. आणि राईचा पर्वत हा लॅटिनच्या मातीच्या ढिगाला आपल्याकडून मिळालेला पुरेपूर जबाब आहे.

जुन्या इंग्रजीत एक्झॅस्परेट आजारालाही लागायचं. आज ती वाट बंद झाल्यासारखी आहे, म्हणून नोंदीत घेतलं नाही.

१९ जून

ॲग्रॅव्हेट. मूळ ग्राविस, म्हणजे जड. याचा संस्कृत भाऊ म्हणजे गुरु. छंदातल्या लघु-गुरूमधला गुरु, वजनदार. ग्रीकमधला भाऊ बॅरोमीटरमध्ये बसलाय. तर ॲग्रॅव्हेट म्हणजे ओझ्यावर ओझं.

एक्झॅसर्बेटशी त्याची हद्द बरीच सरमिसळ आहे. दुखापत, आजार, परिस्थिती दोघांनाही चालते. दोन फरक मात्र स्पष्ट. कायद्यात ॲग्रॅव्हेटच येतो: गुन्हा अधिक गंभीर ठरवणाऱ्या परिस्थितीला ॲग्रॅव्हेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात, तिथे एक्झॅसर्बेट कधीच नाही. आणि बोलीत ॲग्रॅव्हेट माणसालाही लागतो, चिडवणे या अर्थाने. हा वापर १७व्या शतकापासून चालू आहे आणि त्याला नाकं मुरडणारेही जुने आहेत. परीक्षेत तो टाळावा एवढी सूचना दिली; चूक म्हणून शिक्का मारायला मी तयार नाही. तीन-चारशे वर्षं लोक जे बोलतात ते भाषेतलंच असतं.

२३ जून

बिटर. हा 'अक्' कुळातला नाही, जर्मानिक आहे, आणि मूळ 'बाइट'चंच: चावणे. त्यामागचा इंडो-युरोपीय धातू फोडणे, चिरणे या अर्थाचा. संस्कृतात तोच भिद्. म्हणजे भेद, भिन्न, भेदक हे सगळे बिटरचे सगेसोयरे. कडू चव ही जिभेला चावणारी, चिरणारी चव. इंग्रजीत बिटर कोल्ड म्हणजे अंगाला चावणारी थंडी. आपणही थंडी बोचते म्हणतो. भेदाने माणसं दुरावतात, आणि मग एम्बिटर होतात. ही ओळ मसुद्यात घातली, संपादक बाईंनी कापली, कारण व्युत्पत्ती आणि सुभाषित यांची सरमिसळ होते. त्यांचं बरोबर आहे.

सावर मात्र वेगळा. त्याचं क्रियापद मला महत्त्वाचं वाटतं: 'रिलेशन्स सावर्ड.' याला 'संबंध आंबट झाले' म्हणता येत नाही, 'कटुता आली' चालतं पण ते भाषणातलं. बोलताना आपण म्हणतो, 'त्यांचं बिनसलं.' बिनसणं हे भांडणाच्या अलीकडचं आहे, कारण माहीत नसलं तरी चालतं, आणि कुणा एकाला दोष लागत नाही. सावरमध्ये नेमकं तेच आहे. नोंदीत बिनसणे पहिलं.

२४ जून

चाचणीला आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, आंबट आणि कडू यांत इंग्रज गोंधळतात का? गोंधळतात. चवीच्या प्रयोगांत सायट्रिक आम्लाच्या द्रावणाला इंग्रजी भाषक पुष्कळदा बिटर म्हणून मोकळे होतात. जिभेवर मात्र दोन्हींची यंत्रणा अगदी निराळी. आंबटपणा म्हणजे हायड्रोजनचे आयन, आणि ते पेशीत शिरतात ती वाट ओटोप१ या प्रथिनाची, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. कडूसाठी माणसात सुमारे २५ प्रकारचे ग्राही, म्हणजे चव ओळखणारी प्रथिनं, असतात. गोंधळ जिभेचा नाही, नावांचा आहे.

आपल्याकडेही नावं सरकलेली आहेत. आयुर्वेदाच्या षड्रसांत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत कटुचाच कडू झाला आणि चव बदलली. त्यामुळे कोशात बिटरपुढे 'कटु' लिहिलं तर वैद्य एक समजेल आणि वर्तमानपत्र वाचणारा दुसरं. पुस्तिकेत चवीसाठी कडू, मनासाठी कडवट, आणि 'कटु' फक्त कटु सत्य, कटु आठवणी अशा रुळलेल्या जोड्यांत. हा नियम आता सगळ्या गटाला लागू.

२८ जून

ईगर हा शब्द मी राखून ठेवला होता. उत्सुक हा अर्थ सगळ्यांना माहीत, पण मूळ तेच आकेर, फ्रेंच एग्र या वाटेने आलेलं. आजही फ्रेंचमध्ये एग्र म्हणजे आंबट. व्हिनेगर म्हणजे व्हँ एग्र, आंबट झालेली वाइन. तोच एग्र इंग्रजीत ईगर झाला, आणि आधी तीक्ष्ण, उग्र, आंबट असे सगळे अर्थ घेऊन आला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये दोन्ही दिसतात. पहिल्या अंकात मध्यरात्रीच्या हवेला ईगर म्हटलंय, म्हणजे बोचरी. त्याच अंकात पुढे हॅम्लेटच्या बापाचं भूत विषाने रक्त कसं गोठलं ते सांगताना दुधात पडलेल्या ईगर थेंबांची उपमा देतं, म्हणजे आंबट थेंबांची. आजचा वाचक तिथे 'उत्सुक थेंब' वाचतो आणि अडखळतो.

तीक्ष्णपणा चवीतून मनात कसा आला, हे या एका शब्दात इतकं स्वच्छ दिसतं की गटाची सुरुवात यानेच करावी असं आज वाटतंय. आपल्याकडे 'तीव्र इच्छा' म्हणतात, त्यातही हीच धार.

१ जुलै

रसायनशास्त्राचा कोपरा. तीन शब्द.

ऑक्सिजन. ग्रीक ऑक्सिस म्हणजे धारदार आणि आंबटही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७७७ च्या सुमारास 'आम्ल निर्माण करणारा' अशा अर्थाने हे नाव घडवलं, कारण सगळ्या आम्लांत हा वायू असतोच असं त्याचं मत होतं. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे फक्त हायड्रोजन आणि क्लोरीनच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. नाव मात्र राहिलं. जर्मनमध्ये तर आजही झाउअरश्टॉफ म्हणतात, आंबट द्रव्य. मराठीत प्राणवायू म्हटल्यामुळे आपण त्या वादातून सुटलो.

व्हिट्रिऑल. लॅटिन व्हिट्रुम म्हणजे काच. काचेसारखे चकचकणारे धातूंचे सल्फेट स्फटिक, ते व्हिट्रिऑल. निळा म्हणजे मोरचूद, हिरवा म्हणजे हिराकस. त्यापासून काढलेलं 'व्हिट्रिऑलचं तेल' म्हणजे गंधकाम्ल. त्या तेलाने अंग भाजतं, म्हणून व्हिट्रिऑलिक बोलणं. प्रतिशब्द: जहरी, गरळ ओकणारं. गरळ ओकणे इथे अगदी चपखल बसतं, कारण व्हिट्रिऑलिकमध्येही मापात बोलणं नसतं, ओतणं असतं.

कॉस्टिक. ग्रीकमध्ये जाळणारा. इथे विज्ञानाचा वाचक बोट ठेवील म्हणून टीप: रसायनात कॉस्टिक हे विशेषण मुख्यतः तीव्र अल्कलींना लागतं, कॉस्टिक सोड्यासारख्या; ती आंबट नसतात, आम्लाच्या विरुद्ध टोकाची असतात. बोलण्याच्या बाबतीत मात्र ॲसिड आणि कॉस्टिक शेजारी येऊन बसले. भाषेला पीएच मोजायचा नसतो. कातडी भाजली एवढं तिला पुरतं. प्रतिशब्द: जिव्हारी लागणारं.

४ जुलै

ॲक्रिमनी आणि रँकर, दोन्हींपुढे कोश 'कटुता, वैरभाव' म्हणतात. वापर पाहिला की अंतर दिसतं.

ॲक्रिमनीला दोन बाजू लागतात आणि ती उघड असते: बैठकीत, घटस्फोटात, वाटणीत, वादविवादात. एकट्या माणसाच्या मनात ॲक्रिमनी नसते. म्हणून 'वादावादीत आलेला कडवटपणा', 'वितुष्ट'. एखादा करार ॲक्रिमनी न होता झाला, तर 'गोडीगुलाबीने' म्हणावं. उलट अर्थाचा शब्द दिल्याने मूळ शब्द जास्त कळतो, हे या नोंदीत पुन्हा अनुभवलं.

रँकर मात्र आत मुरलेली असते. लॅटिन रांकेरे म्हणजे कुजका वास येणे. रँसिड त्याचंच भावंड, म्हणजे खवट. आणि खवट हा शब्द आपण तेलालाही लावतो, स्वभावालाही. खवट बोलणं, खवट माणूस. लॅटिनने रँसिड आणि रँकर अशी दोन नावं केली, मराठीने एकाच शब्दात काम भागवलं. खवटपणा ताज्या गोष्टीला येत नाही, ठेवून ठेवून येतो. रँकरही तशीच, जुना राग न विसरता ठेवल्यावर. प्रतिशब्द: मनातला आकस, डूख. 'डूख धरणे' मध्ये दीर्घ मुदत आपोआप येते. या गटातली ही मला सगळ्यात आवडलेली जोडी आहे, आणि खवट आजवर कुठल्याच नोंदीत का नव्हता याचं आश्चर्य वाटतं.

५ जुलै

ॲसर्बिकवर संपादक बाईंशी बराच वेळ चर्चा. त्यांचं म्हणणं 'फटकळ'. माझं म्हणणं 'खोचक'. फटकळ माणूस तोंडाला येईल ते बोलतो, त्याचा शब्दावर ताबा नसतो. ॲसर्बिक माणसाचा पूर्ण ताबा असतो; तो शब्द निवडून टोचतो, आणि ऐकणाऱ्यांना त्यात बुद्धी दिसते. म्हणून इंग्रजीत ॲसर्बिक विट ही कधी कधी प्रशंसाही असते. फटकळ विनोदबुद्धी असं कुणी म्हणत नाही. त्यांनी मान्य केलं. खोचक, बोचरा असे ठेवले. शिवाय खोचणे म्हणजे टोक आत घालणे, म्हणजे 'अक्' धातूची सुई इथेही आहेच.

ॲक्रिड: नाका-घशाला झोंबणारा. धूर, वास, वाफ. माणसाला शक्यतो नाही. संपली नोंद.

टार्ट: आंबटसर, बोलण्याबाबत तुटक आणि टोचरं उत्तर. एका वाक्यात संपणारं. टार्ट भाषण नसतं, टार्ट उत्तर असतं. याच स्पेलिंगचं दुसरं नाम, मिठाईचं, वेगळ्या मुळाचं आहे. एवढी टीप पुरे.

९ जुलै

ऑस्टिअर गटात घ्यावा का? घेतला. ग्रीक ऑस्टेरोस म्हणजे जीभ कोरडी पाडणारं, तुरट. त्यामागचा धातू कोरडेपणाचा, आणि संस्कृत शुष्क, शोष त्याच धातूचे. तुरट चवीपासून काटकसरीच्या सरकारी धोरणापर्यंत, म्हणजे ऑस्टेरिटीपर्यंत, एवढा लांबचा प्रवास गटातल्या दुसऱ्या कुठल्याच शब्दाने केलेला नाही. पंजंट आणि पॉयनंट एकाच 'टोचणे' क्रियापदाचे, पण पंजंट नाकाशी राहिला आणि पॉयनंट काळजाशी पोहोचला: हृदयाला चटका लावणारा. तपशील नंतर.

१२ जुलै

बिघडवण्याच्या वाक्प्रचारांचं पान. इथे मराठीचं दुकान भरलेलं आहे, म्हणून इंग्रजीकडून मराठीत न येता मराठीकडून इंग्रजीत जायचं ठरवलं. आगीत तेल ओतणे, जखमेवर मीठ चोळणे यांना इंग्रजीत जवळजवळ जसेच्या तसे जोडीदार आहेत. 'आगीतून फुफाट्यात' याला तव्यातून आगीत असा. 'दुष्काळात तेरावा महिना' याला जोडीदार नाही. तिथे 'टू मेक मॅटर्स वर्स' असं सपाट म्हणावं लागतं. विद्यार्थी तिथे एक्झॅसर्बेट कोंबतात, पण तेराव्या महिन्याने दुष्काळ चिघळत नाही, वरून आणखी एक संकट येतं. हा फरक उदाहरणासकट लिहिला.

'ॲड इन्सल्ट टू इंजुरी' हे पहिल्या शतकातल्या एका लॅटिन बोधकथेतलं. टक्कल पडलेल्या माणसाला माशी चावते, तो तिला मारायला जातो आणि स्वतःच्याच डोक्यावर चापट मारून घेतो; माशी म्हणते, दुखापतीत अपमानाची भर तूच घातलीस. मराठीत याला 'वर आणखी' हे दोन शब्द पुरतात: आधी पैसे बुडवले, वर आणखी मलाच खोटं ठरवलं. 'वर आणखी'ला स्वतंत्र नोंद दिली. असे अव्ययी तुकडे कोशात कधीच सापडत नाहीत आणि भाषांतरात सगळ्यात जास्त लागतात.

१६ जुलै

वर्गात चाचणी झाली. रिकाम्या जागा दिल्या होत्या, शब्द दिले नव्हते. फक्त नाम आणि मराठी क्रियापद. 'धूर, झोंबणारा', 'समीक्षा, खोचक', 'तणाव, चिघळणे', 'मैत्री, बिनसणे', 'मन, डूख'. क्रियापद हाताशी असलं की मुलं योग्य शब्दाकडे वळतात. गडबड झाली ती ॲग्रॅव्हेट आणि एक्झॅसर्बेट यांत, आणि तिथे ती होणारच, कारण इंग्रजांचीही होते. त्या दोघांसाठी एकच उत्तर बरोबर धरायचं नाही असं ठरवलं. कायद्याचं वाक्य असेल तेवढंच अपवाद.

एका मुलाने 'हीट एक्झॅसर्बेटेड द शॉर्टेज' याचं 'उन्हाने टंचाई अधिकच जाणवू लागली' असं केलं. माझ्या नोंदीत हे रूप नाही. 'जाणवू लागणे' नव्याने घालते, कारण टंचाई चिघळत नाही, ती जाणवते.

१८ जुलै

गट तपासणीला दिला. सुरुवात ईगरने, मग 'अक्' कुळ, मग बिटर आणि सावर, शेवटी बिघडवण्याची क्रियापदं. चतुरस्र आणि खवट चौकटीत. ॲग्रॅव्हेटच्या शेजारी गुरुची चौकट जागेअभावी निघाली; ती पुढच्या गटात, जडपणाच्या शब्दांत, ग्रॅव्हिटी आणि ग्रीफ यांच्याबरोबर घ्यायची.